फरशीतल्या झाडाचा दाखला

मी एकदा एका प्राण्याला झाड ठरवलं. तोंडी नव्हे, लेखी. खाली सही आणि सहीखाली गोल शिक्का. तेव्हा माझं वय सत्तावीस, चष्मा बशीएवढा, आणि डोक्यात हवा इतकी की वाऱ्याची एखादी झुळूक आली असती तर साकीनाक्यावरून उडून थेट कांजूरमार्गाला पडले असते. आज माझी नात मला "आजी, तुला सगळं कसं गं माहीत असतं?" असं विचारते, तेव्हा मी विषय बदलते. तिला तो दाखला दाखवण्याची अजून हिंमत झालेली नाही.

शिक्का ऑफिसचा नव्हता बरं का. मीच तो घाटकोपरच्या एका रबरस्टँपवाल्याकडून करून घेतला होता. वर माझं नाव, खाली 'जीवाश्म शैवाल तज्ज्ञ'. तो पाहून आमच्या ऑफिसच्या प्रमुखांनी, पाटणकर सरांनी, विचारलं होतं, "हे तज्ज्ञ तुला कोणी केलं?" मी फुरंगटून बसले. खरं उत्तर 'रबरस्टँपवाल्याने' असं होतं. पण शिक्का पर्समध्ये कायम असायचा. पॅडसकट. पुतण्याच्या वहीवरसुद्धा मारलाय मी तो.

आता हे शैवाल काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही माझ्या सासूबाईंसारखं म्हणाल. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "शेवाळ बघायला मुलुंडहून साकीनाक्याला जातेस? आपल्या मोरीत काय कमी आहे?"

तर समुद्रात काही शैवालं अशी असतात, की ती स्वतःच्या अंगात चुना साठवतात. वनस्पती मरते, मऊ भाग कुजून जातो, चुन्याचा सांगाडा उरतो. तो गाळात पुरला जातो, गाळाचा चुनखडक होतो, आणि कोट्यवधी वर्षांनी तो खडक साकीनाक्याच्या एका गाळ्यात, टेबलावर, माझ्यासमोर येऊन पडतो. त्यात कुठलं शैवाल आहे ते ओळखायचं, म्हणजे तो समुद्र किती जुना, किती खोल, तळापर्यंत ऊन पोचत होतं की नाही, हे सांगता येतं. तेल शोधणाऱ्यांना हे लागतं, सिमेंटवाल्यांनाही लागतं. आणखी कोणालाही लागत नाही. वरातीत, बारशाला, हळदीकुंकवाला तर मुळीच नाही. मी पंचवीस वर्षं हे समजावून सांगितलं आणि पंचवीस वर्षं लोकांनी शेवटी एकच विचारलं, "मग गॅरंटीचा पुष्कराज कुठे मिळेल?" चारकोपचे एक गृहस्थ तर अश्मीभूत अंडं म्हणून एक गोटा फडक्यात गुंडाळून घेऊन आले होते. तो त्यांच्याच पणजीचा वरवंटा होता, दोन्ही बाजूंनी झिजलेला. मी तसं सांगितल्यावर माझ्यावरच रागावले.

ओळखायचं कसं? दगडाचा काप काढायचा, काचेला चिकटवायचा आणि कार्बोरंडमच्या खरखरीत पुडीवर घासत बसायचं. काप केसाहून पातळ झाला, त्यातून उजेड आरपार गेला, की मायक्रोस्कोपखाली धरायचा. हे घासायचं काम आमच्याकडे गंगारामकाका करायचे. मालवणकडचे, आधी गिरणीत होते, संपात नोकरी गेली, मग आमच्याकडे आले. त्यांच्या बोटांना जे कळायचं ते मशीनला कळत नसे. अजून एक फेरा दिला तर काप फाटेल, हे ते डोळे मिटून सांगायचे.

ओळखणं मात्र माझं काम, आणि ते संतापजनक होतं. एकतर काप कुठल्या दिशेने जाईल यावर आपला ताबा नाही. पडवळ आडवं चिरलं तर चकत्या, उभं चिरलं तर लांब पन्हळ, तिरकं चिरलं तर तिसरंच काहीतरी. ज्याने जन्मात अख्खं पडवळ पाहिलेलं नाही त्याने तीन चकत्यांवरून भाजी ओळखायची. मी एकदा एकाच झाडाच्या तीन जाती केल्या होत्या. वर पुस्तकं फ्रेंचमध्ये नाहीतर जर्मनमध्ये, तीही झेरॉक्सची झेरॉक्स, त्यातल्या फोटोंत शैवाल कोणतं आणि शाईचा डाग कोणता हे ओळखायला आणखी एक तज्ज्ञ हवा.

आणि शेजारी पॉवर प्रेस! आमच्या भिंतीला लागून स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकणारा गाळा होता. दर चार सेकंदांनी धाड्. धाड् झालं की टेबल हले, टेबल हललं की मायक्रोस्कोपमधला समुद्र हले. मोठं भिंग लावलं तर धाड् झाल्यावर चित्र थरथरत राहायचं, ते थांबतंय न थांबतंय तोच पुढचं धाड्. मग मी दोन ठोक्यांच्या मधल्या दीड-दोन सेकंदांत बघायला शिकले. सरांना सांगितलं तर म्हणाले, "छान आहे. एकाग्रता वाढेल."

अशा त्या गाळ्यात एक दिवस, गणपती नुकतेच गेलेले, रसिकभाई आले. सोबत त्यांच्या आई, सगळे त्यांना बा म्हणत. रसिकभाईंच्या बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फरशी.

रसिकभाईंचं घाटकोपरला कापडाचं दुकान. त्याच भागातल्या चाळीत एक खोली, बा लग्न होऊन आल्या त्या त्याच खोलीत. आता मुलुंडला नवा फ्लॅट घेतला, हौसेने राजस्थानकडच्या पिवळ्या दगडाची फरशी घातली. पॉलिश झाल्यावर दगडात वाटीएवढे गोल गोल आकार चमकायला लागले, कापलेल्या कोबीसारखे, आणि जवळून पाहिलं तर त्यात बारीक बारीक छिद्रांची जाळी. बांनी उंबऱ्यातून पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं. म्हणाल्या, हे पोळं आहे. जीवांचं घर आहे. यावर मी पाय देणार नाही.

"कोणीतरी बोलला तुमी दगडातला झाड वळखते," रसिकभाई मला म्हणाले. "बेन, फक्त एक लाइन लिवून द्या. हे जीव नाय, झाड हाय. बस. बा झाडाला हा बोलली हाय. सगळा फॅमिली मुलुंडला गेला, बा एकटी चाळीत. लोक काय बोलणार?"

बा मात्र माझ्याकडे नाही, मायक्रोस्कोपकडे बघत होत्या. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, डोळे मात्र चिमणीसारखे चपळ. "आ मशीनमदी दिसतं?" त्यांनी विचारलं.

गंगारामकाकांनी दोन दिवस घेऊन त्या फरशीचा काप तयार केला आणि बांना परत बोलावलं. हे मीच सुचवलं होतं. साधं खरं सांगते, मला प्रेक्षक हवे होते.

बा स्टुलावर बसल्या, आयपीसला डोळा लावला. धाड्. "हलतं आहे," बा म्हणाल्या. "जिवंत आहे?"

"नाही बा, ते शेजारचं प्रेस आहे," मी म्हटलं, आणि चित्र कमी हलावं म्हणून मोठं भिंग फिरवून छोटं लावलं. इथे थांबा. माझं वाटोळं इथे झालं.

त्या फरशीतला गोळा म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या बारीक नळ्यांची जुडी होती. अशी जुडी दोघांची असू शकते. नळ्या केसाएवढ्या किंवा त्याहून बारीक असल्या तर लाल शैवाल. एकेका नळीत दोन-तीन केस शेजारी शेजारी मावतील एवढ्या असल्या, तर प्राणी, स्पंजाच्या गणगोतातला. निदान तेव्हा आम्ही असंच मानत होतो. पुढे मोठमोठ्या लोकांनी झाड म्हणून ठरवलेले असे कितीतरी नमुने प्राणी निघाले. पण माझी चूक त्यांच्याइतकी थोर नाही. माझी चूक साधी बावळटपणाची.

आयपीसमध्ये एक इवलीशी मोजपट्टी कोरलेली असते. भिंग बदललं की त्या पट्टीवरच्या एका रेघेची किंमत बदलते. छोट्या भिंगाला ती मोठ्याच्या अडीचपट. कुठल्या भिंगाला किती, याची चिठ्ठी मायक्रोस्कोपच्या बुडाला चिकटवलेली होती. पण बा बघतायत, रसिकभाई बघतायत, आणि तज्ज्ञ वाकून चिठ्ठी वाचणार? छे! मी छोट्या भिंगाखाली रेघा मोजल्या आणि मोठ्या भिंगाचा पाढा लावला. उत्तर अडीचपट बारीक आलं. केसाहून थोडं जास्त, पण शैवालात बसवता येईल इतपत.

"झाड!" मी जाहीर केलं.

"पक्कं?" बांनी विचारलं.

"पक्कं."

"परत बघ बेटा. नीट बघ."

मी परत बघितलं. अर्थात त्याच भिंगातून, त्याच पाढ्याने. "झाडच आहे बा. समुद्रातलं."

"एकदा अजून बघ. घाई नाय मला."

केवढी ही श्रद्धा, मी मनात म्हटलं, केवढी जीवदया! माझे डोळे पाणावले होते. त्या पाणावलेल्या डोळ्यांनी मी तिसऱ्यांदा तेच चुकीचं मोजलं, पानभर दाखला लिहिला आणि शिक्का मारला. बा त्या शिक्क्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "गोल मारला म्हणजे बदलायचं नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही बा," मी अभिमानाने सांगितलं.

रसिकभाई खूश. "नवरात्राचा पयला दिवस बा येणार मुलुंडला. आणि धनतेरसला खोलीची चावी मालकाला देऊन टाकतो. एक टेन्शन कमी." बा जाताना गंगारामकाकांना विचारून गेल्या, "तुमारी मंडळी पापड करते?" काका म्हणाले, "करता मगे." बा म्हणाल्या, "आमी आठ जणी करतो. ओट्यावर." काकांनी मान डोलावली. मी तेव्हा शिक्का पुसत होते.

दसऱ्याला सगळ्या साकीनाक्यात मशीनची पूजा. आमच्या करवतीला झेंडूचा हार, मायक्रोस्कोपला हळदकुंकवाचा टिळा, आणि वर फूल. शेजारचं प्रेसही हार घालून गप्प उभं. अख्ख्या वर्षात तो एकच दिवस टेबल हलायचं नाही. सगळे पेढे खाऊन पांगले, मी मात्र मागे राहिले. मोठं भिंग लावून निवांत बघायची चैन मला रोज थोडीच मिळायची? म्हटलं, बांच्या फरशीचं सुंदर चित्र काढू, फ्रेम करून त्यांना दिवाळीला भेट देऊ. झेंडूचं फूल बाजूला केलं आणि डोळा लावला.

नळ्या फार मोठ्या दिसत होत्या. मी चष्मा पुसला. भिंग पुसलं. मग रेघा मोजल्या, आणि या वेळी, समोर कोणी नव्हतं म्हणून, वाकून चिठ्ठी वाचली.

तुम्हाला सांगते, त्या शांततेत मला प्रेसची फार आठवण झाली. एक जरी धाड् झालं असतं तरी दोष द्यायला कोणीतरी मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सर ताक पीत होते. "म्हातारी राहायला गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"फरशीवर चालते?"

"चालते."

"मग झालं तर! ती सुखात, तिचा मुलगा सुखात. तू कशाला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या स्पंजाचं सुतक पाळतेस?"

मला राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे बरंही वाटलं. सरांनीच नको म्हटलं ना, मग माझ्यावर काही नाही! हे सोयीचं उत्तर मी अकरा दिवस उशाशी घेऊन झोपले. चकल्या केल्या, सासूबाईंशी भांडले, कंदील आणला. आणि रोज घरात अनवाणी चालताना बांचे पाय आठवायचे. त्यांना एकच गोष्ट नको होती, आणि माझ्या सहीवर विश्वास ठेवून त्या दिवसभर तेच करत होत्या. वाटायचं, सांगितलं तर त्यांना धक्का बसेल, इतके दिवस आपण जीवांवर पाय दिला म्हणून उपास धरतील, या वयात काही झालं तर? नाही सांगितलं तर काहीच होणार नाही. नेमकं तेच सहन होईना.

अकराव्या दिवशी मी एक चांगली स्लाइड हातातून पाडली. गंगारामकाकांनी काचा गोळा केल्या आणि म्हणाले, "गो बाय, तुज्या मनात काय तां सांगून मोकळी हो. माजी स्लायडी कित्याक फोडतस?"

मी सगळं सांगितलं.

"मगे सायबाक कित्याक इचारलंस? दाखलो कोणी दिलो? सायबान?"

"मी."

"शिक्को कोणाचो?"

"माझा."

"मग जा."

मी गेले. धनत्रयोदशीला सहा दिवस होते. मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर मजलाभर दारं बंद, प्रत्येक दारावर पितळी पाटी. बांच्या सुनेने, नयनाने, दार उघडलं. गोड मुलगी. मला पाणी दिलं, "बा, तमारा बेन आव्या" म्हणाली आणि दिवाळीच्या मठियांची, त्या तिखट पुऱ्यांची, कढई करपू नये म्हणून आत पळाली.

बा हॉलमध्ये झोपाळ्यावर बसल्या होत्या. समोर पिवळी फरशी आरशासारखी चकचकीत. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांची माहेरवाशीण. "बस बस! इथे कोणी येत नाय. समोरचा दरवाजा आजपर्यंत एकदा उघडला, ते पण दूधवाल्यासाठी." मग म्हणाल्या, "तुला पापड लाटता येतात?" मी म्हटलं, येत नाहीत. "हं," बा म्हणाल्या.

त्या बोलत होत्या आणि मी बावळटासारखी घराचं कौतुक करत होते. किती शांत आहे! किती उजेड आहे! पाऊण तास मी उजेडावर बोलले. शेवटी पर्समधून दाखल्याची कार्बन कॉपी काढली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. भिंग, पाढा, चिठ्ठी, दसरा, सर, अकरा दिवस. "बा, ते झाड नाही. प्राणी आहे. माझी चूक झाली. तुम्ही म्हणत होतात तेच खरं, ते घरच आहे जीवांचं. मला माफ करा."

झोपाळा थांबला.

बांनी खाली फरशीकडे पाहिलं. मग एक पाय उचलला, झोपाळ्यावर घेतला. मग दुसरा. लुगडं पायांवर नीट ओढून मांडी घातली. मी मनाची तयारी केली. आता या रडतील. नाहीतर मला जवळ घेऊन क्षमेबद्दल काहीतरी असं बोलतील, की मी ते जन्मभर लक्षात ठेवीन.

"जनावर?" बांनी हळूच विचारलं.

"हो."

"पक्कं?"

"पक्कं. या वेळी चिठ्ठी वाचली."

"रसिकला सांगितलं?"

"नाही. आधी तुम्हाला."

बांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. कढईचा चुर्र आवाज येत होता. त्यांनी कमरेला खोचलेला पदर सोडवला, त्याच्या टोकाची गाठ दातांनी सैल केली. आत एक जुनी, लांब दांड्याची पितळी चावी होती.

"रसिक चार दिवस शोधतोय," त्या म्हणाल्या. "कपाटाखाली पण बघून झालं त्याचं."

माझ्या डोक्यात उजेड पडायला तेवढा वेळ लागला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र ओळखणारी मी! ते "परत बघ बेटा". ते "घाई नाय मला". ओट्यावरच्या आठ जणी. बांना एका धार्मिक बाईला शोभेल असं, मुलाचं मन न दुखवणारं, एकच कारण सापडलं होतं त्या खोलीत राहायला. आणि ते मी गोल शिक्का मारून काढून घेतलं होतं. वर अकरा दिवस भोपळ्यासारखी गप्प बसले होते. आणखी सहा दिवस बसले असते, तर त्या चावीला काही अर्थ उरला नसता.

"बा," मी म्हटलं, "तुम्हाला तेव्हा प्राणीच हवा होता का?"

"हवा म्हणजे?" बा फणकारल्या. "होताच ना! मी डोळ्यांनी पाहिलं, तू मशीनने पाहिलं, तरी तुला दिसला नाय. मी तीनदा बोलले, नीट बघ." मग चावी पुन्हा गाठीत बांधत त्या माझ्याकडे झुकल्या, आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाल्या, "आता तोंड काय बघतेस माझं? नयना कागद देईल, बस आणि लिव. आणि तो गोल शिक्का आणलाय ना?"